पाय मोडलेला प

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. पण बावीस वर्षं कपडे रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळताना वाफेच्या दाबाच्या काट्यावरून त्यांची नजर कधी हलली नाही, म्हणून तिथल्या कुणीतरी ते नाव चिकटवलं, आणि चिकटलं ते चिकटलंच. जेवताना डबा मांडीवर, डोळे काट्यावर. कुणी गप्पा मारायला आलं तर कान त्याच्याकडे, डोळे काट्यावर. घरी कुकर गॅसवर असेपर्यंत ते स्वयंपाकघराच्या दारातून हलायचे नाहीत. "जा हो बाहेर, कुकर आहे तो, फुटत नाही," असं बायको म्हणायची. "सगळे असंच म्हणतात," असं म्हणून ते तिथेच उभे राहायचे.

या माणसाने आयुष्यात एकच कागद कमावला होता. बॉयलर चालवायला पात्र असल्याचा सरकारी दाखला. शाळा आठवीत सुटलेली, त्यामुळे तो मिळवताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. दोनदा नापास झाले, तेही तोंडी परीक्षेत आणि एकाच प्रश्नावर. काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं तर आधी काय कराल? दोन्ही वेळा त्यांनी "पाणी सोडीन" असं सांगितलं. तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडणं म्हणजे मरण ओढवून घेणं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "आधी आग बंद करीन. पाण्याला हात लावणार नाही." परीक्षकाने मान डोलावली आणि 'आधी आग बंद' या तीन शब्दांवर काकांचा संसार उभा राहिला.

दाखला जाड, पिवळसर कागदाचा होता. कोपऱ्यात काळेभोर केस असलेल्या काकांचा फोटो. तो प्लास्टिकच्या पाकिटात आणि पाकीट कपाटात, बायकोच्या चांगल्या कपड्यांच्या घडीखाली. घरात सोनं असतं तर तेही तिथेच ठेवलं असतं.

मग एके दुपारी कारखान्याचा बॉयलर फुटला. दुरुस्तीवाल्याने नळीला कच्चा जोड दिला होता, तो उसवला. काकांनी आवाज ओळखला, आग बंद केली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्यानंतर भिंत पडली. कुणाला खरचटलंही नाही. पण विमा कंपनी म्हणाली, चालवणारा माणूस पात्र नव्हता, म्हणून भरपाई नाही. मालक कोर्टात गेला आणि त्याने काकांना साक्षीला नेलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. काकांना वाटलं, आपल्याला कुठे भांडायचंय, खरं तेवढं सांगायचं आणि पायऱ्या उतरायच्या.

कंपनीच्या वकिलाने दाखल्याची झेरॉक्स दोन बोटांत धरून हलवली. "ही झेरॉक्स आहे. अशी तर माझ्या मांजराच्या नावानेही निघेल. मूळ आहे का तुमच्याकडे?"

होतं ना. काकांनी पिशवीतून पाकीट काढलं, पाकिटातून दाखला काढला आणि मान ताठ करून पुढे केला. त्या क्षणी त्यांना इतका अभिमान वाटला होता की नंतर तो आठवला की त्यांना स्वतःचाच राग यायचा. दाखवायचा होता, द्यायचा नव्हता. न्यायाधीशांनी पाहिला, एका कारकुनाने त्यावर लाल शिक्का मारला, 'निशाणी ४७' असं लिहिलं आणि तो फाईलमध्ये गेला.

"संध्याकाळी मिळेल ना?" बाहेर आल्यावर काकांनी मालकाच्या वकिलांना विचारलं.

"मिळेल की. कुठे जातोय तो?"

बरोबरच होतं. तो कुठेच गेला नाही. तीन वर्षं.

निकाल मालकाच्या बाजूने लागला. निकालपत्रात काकांच्या नावापुढे 'पात्र आणि विश्वासार्ह साक्षीदार' असं छापून आलं. मालकाने कारखाना विकला आणि तो मुलीकडे राहायला गेला. पात्र आणि विश्वासार्ह साक्षीदार एका गोदामाच्या फाटकावर ट्रकचे नंबर लिहायला लागला. तिथे नजर ठेवायला काटा नव्हता. काका दिवसभर फाटकाकडे बघत बसायचे आणि घरी आल्यावर कुकरपाशीसुद्धा उभे राहायचे नाहीत. बायकोला तेच जास्त लागायचं.

आणि अशात त्यांना हॉस्पिटलच्या लाँड्रीत जागा असल्याचं कळलं. चादरी धुवायला, वाळवायला वाफ लागते, आणि तिथला बॉयलरवाला महिनाअखेरीस निवृत्त होणार होता. काका एक तारखेला भेटायला गेले. बॉयलरच्या खोलीत शिरताच ती ऊब अंगावर आली आणि त्यांना तीन वर्षांनी माणसात आल्यासारखं वाटलं. "हा काटा थरथरतोय," ते आल्या आल्या म्हणाले. "नळी साफ करून घ्या."

लाँड्रीचा सुपरवायझर, खिशाला दोन पेनं लावणारा सडपातळ माणूस, त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, तुम्हीच या. पण मूळ दाखला पाहिजे. पुढच्या एक तारखेला इन्स्पेक्टर येतोय, तो झेरॉक्सला हात लावत नाही. तीस तारखेला पाचच्या आत माझ्या टेबलावर दाखला आला तर जागा तुमची. नाहीतर दुसरा माणूस तयार बसलाय, मला थांबता येणार नाही."

एकोणतीस दिवस हातात होते. कोर्ट घरापासून दोन बस लांब. काकांना वाटलं, आठवड्याचं काम आहे.

तीन तारखेला ते कोर्टाच्या फाटकाबाहेर, पत्र्याखाली बसणाऱ्या टायपिंगवाल्याकडे गेले. "माझा मूळ दाखला परत मिळावा, असा अर्ज करून द्या." टायपिंगवाल्याची बोटं जिभेपेक्षा जोरात चालत होती. कागद निघाला, काकांनी नाव वाचलं, केसचा नंबर ताडून पाहिला आणि सही केली. तळघरातल्या रेकॉर्डच्या खिडकीपाशी रांग होती. जाळीमागे बसलेल्या बाईंनी अर्ज घेतला, वहीत नोंद केली आणि चिठ्ठी दिली. "सतरा तारखेला या."

सतरा तारखेला गोदामातून अर्धी सुट्टी काढून काका गेले. "तयार आहे, साहेबांची सही राहिलीय. एकोणीसला या." एकोणीसला पुन्हा अर्धी सुट्टी. बाईंनी वहीवर सही घेतली आणि पाकीट दिलं. काकांनी ते छातीशी धरलं, जिना चढून वर आले, उजेडात उभे राहिले आणि उघडलं.

आत पांढराशुभ्र, कोरा करकरीत कागद होता. त्यावर दाखला छापलेला. काळेभोर केस धुरकट राखाडी झालेले. खाली गोल शिक्का, चौकोनी शिक्का, दोन सह्या आणि ठळक अक्षरं: 'अस्सलबरहुकूम नक्कल'.

काका आले तसे खाली उतरले. रांगेत पुन्हा उभे राहिले, कारण रांग मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पंचवीस मिनिटांनी खिडकी आली.

"ताई, ही नक्कल आहे."

"हो मग? नक्कलच मागितली होती तुम्ही."

"मी दाखला परत मागितला होता."

बाईंनी न कुरकुरता गठ्ठ्यातून अर्ज काढला आणि जाळीला लावला. "वाचा. 'मूळ दाखला प्रत मिळणेबाबत.' दाखल्याची प्रत. प्रत दिली."

काकांनी वाचलं. मग बोट ठेवून वाचलं. प्रत. टायपिंगवाल्याच्या हातून एक बटण जादा दाबलं गेलं होतं, प-चा पाय मोडला होता आणि तो र-च्या अंगावर जाऊन पडला होता. परतची प्रत झाली होती. काट्याची केसभर थरथर ज्या माणसाच्या नजरेतून सुटत नव्हती, त्याने या कागदाखाली स्वतःच्या हाताने सही केली होती.

"प-चा पाय मोडलाय," काका म्हणाले.

"मी नाही मोडला," बाई म्हणाल्या.

"पण एवढ्या कागदावरून कळत नाही का, माणसाला काय पाहिजे ते?"

"काका, इथे माणसं येत नाहीत, अर्ज येतात. अर्जात असतं ते आम्ही देतो."

काकांच्या कानशिलात ठोके पडायला लागले. पाय मोडूनही तो अर्ज सोळा दिवस चालला होता. सहा टेबलांवर गेला होता, सहाही माणसांनी त्यावर सही केली होती आणि एकाच्याही मनात आलं नव्हतं की बॉयलरवाल्याला स्वतःच्या दाखल्याची नक्कल कशाला हवी, तीही अस्सल? मोठमोठ्याने ओरडावं असं त्यांना वाटलं. मग त्यांना ती तोंडी परीक्षा आठवली. आधी आग बंद. ते जाळीपासून एक पाऊल मागे सरले आणि श्वास जागेवर येईपर्यंत उभे राहिले.

टायपिंगवाल्याने आधी कानावर हात ठेवले. "काका, सही तुमची आहे." मग काकांचा चेहरा बघून नवा अर्ज फुकट टाईप करून दिला. या वेळी काकांनी शेजारी बसून प्रत्येक अक्षर पडद्यावर उमटताना पाहिलं. प. र. त. तिघंही आपापल्या पायांवर उभे आहेत याची खात्री झाल्यावरच त्यांनी सही केली.

बाईंनी नवा अर्ज वाचला आणि परत केला. "हा तुम्हाला करता येणार नाही."

"का?"

"कागद तुम्ही दाखल केलेला नाही. वादीने केलाय. तुम्ही साक्षीदार. वादीच्या वकिलांची 'हरकत नाही' अशी सही आणा."

"ताई, त्यावर माझा फोटो आहे."

"फोटो तुमचा, कागद वादीचा."

"मग ती नक्कल कशी दिलीत मला?"

"प्रत कुणालाही मिळते," बाई समजावून सांगावं तशा म्हणाल्या. "परत कुणालाही मिळत नाही."

घरी आल्यावर काकांनी ती नक्कल टेबलावर टाकली आणि पाणीही न पिता बसून राहिले. बायकोने ती उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"अहो, मी एक सांगू? हरवला म्हणून लिहून द्या. दाखल्याच्या ऑफिसातून नवा मिळतो. शेजारच्यांच्या भावाला मिळाला."

"सहा महिने लागतात. मी विचारून आलोय."

"अर्ज केल्याची पावती तरी दाखवता येईल लाँड्रीत."

"अगं, पण हरवलेला नाही ना. मला माहितीये तो कुठे आहे. तळघर, कपाट नंबर नऊ, खालून दुसरा कप्पा. शपथेवर हरवला कसं लिहू? त्याच कोर्टाने मला विश्वासार्ह म्हटलंय."

"विश्वासार्ह," बायको म्हणाली. "ते म्हणायला त्यांचं काय जातंय? तुमचं काम जातंय." आणि मग, कदाचित आवाज चढला म्हणून, तिने कपाटातलं रिकामं प्लास्टिकचं पाकीट आणलं आणि ती नक्कल त्यात सरकवली. "राहू दे. तीन वर्षं मोकळं पाकीट बघते आहे, नक्कल तर नक्कल." पाकीट तिने काकांच्या पिशवीत ठेवून दिलं.

वकीलसाहेब बाहेरगावी होते. तेवीस तारखेला भेटले. "अरे, तो दाखला अजून तिथेच?" असं ते हसत म्हणाले. काकांना हसू आलं नाही. त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की राग येण्यासाठी समोरचा माणूस वाईट असावाच लागतो असं नाही. वकिलांनी उभ्या उभ्या सही केली. तिला वीस सेकंदं लागली, आणि त्या वीस सेकंदांसाठी काका चार दिवस त्यांच्या जिन्यावर बसले होते. अर्ज न्यायाधीशांसमोर गेला, अठ्ठावीसला हुकूम झाला, एकोणतीसला हुकूम तळघरात उतरला.

तीस तारखेला सकाळी काका खिडकीवर पहिले होते. बाईंनी हुकूम शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या.

"मूळ कागद काढला की फाईलमध्ये त्या जागी अस्सलबरहुकूम नक्कल लावायची, असं लिहिलंय. जागा मोकळी ठेवता येत नाही. नकलेचा अर्ज करा."

"किती दिवस?"

"दोन आठवडे धरा. इथेच घोडं अडतं सगळ्यांचं, काका. आधी कुणी सांगत नाही."

"तुम्हीसुद्धा नाही सांगितलंत."

काकांनी खिडकीची जाळी धरली. पाच वाजायला सात तास होते आणि आग बंद करून उपयोग होईल असं वाटेना. सगळं संपलं, आता गोदामाचं फाटक आणि ट्रकचे नंबर, असं त्यांच्या मनात आलं. हात सुटला तो खांद्यावरच्या पिशवीवर पडला आणि पिशवीत काहीतरी कडक लागलं. प्लास्टिकचं पाकीट.

त्यांनी नक्कल काढून जाळीखालून सरकवली.

बाईंनी शिक्के पाहिले, सह्या पाहिल्या, तारीख पाहिली. "ही कुठून आली?"

"तुम्हीच दिलीत," काका म्हणाले. "पाय मोडून."

बाई पहिल्यांदा हसल्या, आणि हसल्या म्हणून काकांना त्या पहिल्यांदा थकलेल्या दिसल्या. फाईल चारशे पानांची होती, जाड दोऱ्याने शिवलेली, आणि सत्तेचाळिसावी निशाणी मधोमध. त्यांनी ब्लेडने टाके कापायला घेतले. दोरा सुटायच्या आत जेवणाची सुट्टी झाली. सुट्टी संपली तेव्हा बाईंना वर बोलावणं आलं. काका बाकावर बसून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत राहिले. आयुष्यभर काटा बघितला, पण असा नाही. साडेतीनला बाई परतल्या आणि दाखला सुटला.

डाव्या कडेला सुईची चार भोकं पडली होती. लाल शिक्का फोटोतल्या काकांच्या कानावर बसला होता. बाकी तोच कागद, तोच पिवळेपणा, हाताला तोच जाडपणा. बाईंनी वही पुढे केली. "मूळ दाखला परत मिळाला" असं त्यांनी लिहिलं होतं. काकांनी वाक्य दोनदा वाचलं आणि सही केली.

"ताई," ते जाता जाता म्हणाले, "खिडकीवर पाटी लावा ना, नक्कल आधी लागते म्हणून."

"त्यासाठी अर्ज करावा लागतो," बाई म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या.

लाँड्रीच्या ऑफिसात पोचले तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. सुपरवायझरने दाखला हातात घेतला, उजेडाला धरला, मागून पुढून पाहिला. "झकास. हा लाल शिक्का कसला?"

"कोर्टाचा. मी साक्ष दिली होती."

"असू दे, इन्स्पेक्टरला चालेल. उद्या सकाळी सहाला या, काका. जागा तुमची."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही. तेवढ्यात सुपरवायझरने दाखला टेबलावर ठेवला, एक नवी फाईल ओढली आणि भोकं पाडायचं यंत्र हातात घेतलं.

काकांचा अंगठा दाखल्यावर पडला.

"काय झालं?"

"हे काय करताय, साहेब?"

"फाईलला लावतोय. मूळ दाखला ऑफिसात जमा राहतो, तुम्ही नोकरीत असेपर्यंत. सगळ्यांचाच राहतो."

"झेरॉक्स लावा ना."

"इन्स्पेक्टर कधीही येतो, काका. मूळ इथेच लागतं. नियम आहे." सुपरवायझरने हलकेच कागद ओढून पाहिला. तो हलला नाही. "अहो, सोडा की. कुठे जातोय तो?"

कुठे जातोय तो. काकांच्या कानशिलात पुन्हा ठोका पडला. दाखला उचलावा आणि सरळ चालू लागावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. पण नेणार कुठे? कपाटात, कपड्यांच्या घडीखाली? बॉयलरशिवाय तो तिथेही तसाच पडून राहिला असता, जसा तळघरात पडला होता. भिंतीपलीकडून वाफेचा आवाज येत होता. काका थांबले. आधी आग बंद.

"ठेवा," ते म्हणाले. "पण भोकं पाडू नका, चार आहेत तेवढी पुरे. आणि मला लिहून द्या."

"काय लिहून द्यायचं?"

"लिहा. मूळ दाखला मिळाला. मागितल्या दिवशी परत देऊ."

सुपरवायझरने सुस्कारा सोडला, एक पेन काढलं आणि भराभर लिहून चिठ्ठी पुढे सरकवली. काकांनी उजव्या हाताने ती उचलली, डावा अंगठा जागेवरच होता. काचेतलं पाणी बघावं तशी ती त्यांनी डोळ्यांजवळ धरली.

"साहेब, परत नीट लिहा."

"लिहिलंय की."

"प आणि र एकमेकांना चिकटलेत. तीन अक्षरं आहेत, सुटी सुटी लिहा. प. र. त."

"काका, काय फरक पडतो?"

"सोळा दिवसांचा," काका म्हणाले.

सुपरवायझरने त्यांच्याकडे पाहिलं. मग दुसरी चिठ्ठी घेतली आणि शाळेतल्या मुलासारखी एकेक अक्षर सुटं करत लिहिली. काकांनी ती दोनदा वाचली, घडी घालून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली, पाकीट पिशवीत ठेवलं, आणि तेव्हा कुठे दाखल्यावरचा अंगठा उचलला.